तेंगमावशींची जीभ

सहाव्या महिन्यात शेतातले कंद उपटले की थेट ऐन थंडीपर्यंत आमच्या घरात तिरफळ शिजत नसे. चीनच्या सच्वान प्रांतातलं घर आणि तिरफळ नाही! सांगितलं तर लोकांना खरं वाटायचं नाही. माझं माहेर हानयुआनकडचं, तिथे घराघराच्या मागे तिरफळाची झाडं. दाताखाली एक दाणा फुटला की ओठ थरथरायला लागतात, आणि त्याशिवाय आम्हाला जेवल्यासारखंच वाटत नाही. अशा घरातली पोर मी, आणि नशिबी आली ही पथ्याची सासू. आलं चालेल, लसूण चालेल, मिरचीसुद्धा बेताने चालेल, पण तिरफळ नाही म्हणजे नाही. का, तर सासूबाईंची जीभ बधिर होता कामा नये. ती जीभ घरची नव्हतीच मुळी, ती कारखान्याची होती.

आमचं गाव फू नदीच्या काठी. इथलं पीक म्हणजे फूत्झ, बचनागाच्या मुळाला चिकटून वाढणारा पिल्लू-कंद. जहाल विष. कच्चा पोटात गेला तर आधी ओठांना मुंग्या, मग बोटांना, मग काळीज वाटेल तशा उड्या मारायला लागतं, आणि खेळ खलास. पण हाच कंद खाऱ्या कडवट पाण्यात मुरवला, उकडला, सोलून त्याच्या चकत्या केल्या, दिवसच्या दिवस पाणी बदलत धुतल्या, वाफवून वाळवल्या, की ज्याच्या हातापायांतली ऊब गेली आहे अशा माणसाला तो पुन्हा उठवून बसवतो. विष काढायचं आणि ऊब ठेवायची, एवढंच ते काम. जास्त धुतलं तर नुसता चोथा उरतो, कमी धुतलं तर माणूस जातो. या दोहोंमधली जागा नेमकी कुठे आली ते सांगायला आमच्या कारखान्यात तेव्हा कसलं यंत्र नव्हतं. तेंग सुहुआ होत्या. म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना तेंगमावशी म्हणायचं.

चाखायची खोली वेगळी होती. आत एक स्टूल, एक खिडकी, कोमट पाण्याचं भांडं. घाणा वाळला की त्यातल्या चार-पाच चकत्या ताटलीत घालून मावशींसमोर यायच्या. मावशी पाण्याने तोंड खळखळून धुवायच्या, चकतीचा तुकडा पुढच्या दातांनी बारीक चावायच्या, जिभेच्या शेंड्यावर घोळवायच्या आणि थुंकून टाकायच्या. मग पाव तास गप्प. त्या पाव तासात मुकादम पूसुद्धा दाराशी खोकायचा नाही. जीभ जड झाली नाही तर त्या होकाराची मान हलवायच्या आणि घाणा पोत्यात जायचा. जिभेला नुसती चुणचुण लागली तरी म्हणायच्या, "परत पाण्यात." बस, दोन शब्द. त्यांच्यापुढे वाद घालायची कोणाची छाती नव्हती. तीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि तीस वर्षांत आमच्या गावच्या मालाने माणूस दगावल्याचं एकही पत्र आलं नव्हतं. त्याचा त्यांना किती अभिमान! बोलून दाखवायच्या नाहीत, पण चालताना मान बघा नुसती.

सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच वारलेले. या जिभेवरच सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला, चांगगेनला, वाढवलं. त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. आणि बोलणं सगळं औषधाचं. त्यांच्या लेखी जगात जे काही आहे ते एक तर गरम, नाहीतर थंड. नाशपाती थंड, मटण गरम, खेकडा थंड म्हणून त्याच्यासोबत आलं. माणसंसुद्धा तशीच. रोज सकाळी मी चूल पेटवायला बसले की समोर येऊन उभ्या.

"रोंगचिऊ, जीभ काढ."

"आई, भात करपेल."

"करपू दे. काढ." मग वाकून बघायच्या. "लालभडक. आत जाळ आहे नुसता तुझ्या. उगीच भांडत नाहीस तू."

"मी भांडते? आणि तुम्ही?"

"माझं अंग थंड. मी भांडत नाही, मी सांगते."

खरंच थंड होतं त्यांचं अंग. भर उन्हाळ्यात पायात लोकरीचे मोजे. थंडीत फूत्झ घालून मटण शिजवलं की त्या दोन वाट्या रस्सा ओरपायच्या आणि मला मात्र चमचाभर द्यायच्या. "औषध तेच असतं, पण अंग बघून द्यायचं असतं. मला जे उठवेल ते तुला आडवं करेल." मी मनात म्हणायचे, कंजूष म्हातारी, मटण वाचवते. बाळंतपणात त्यांनी मला महिनाभर थंड पाण्याला हात लावू दिला नाही, नाशपातीकडे बघू दिलं नाही. रडकुंडीला आले होते मी. पण माझी कंबर आजतागायत दुखली नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल सून एकतर्फीच बोलते.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालातली. आठवा महिना संपत आला होता. माझा धाकटा भाऊ माहेराहून आला आणि येताना माझ्यासाठी ताज्या तिरफळांची पुडी घेऊन आला. मला राहवलं नाही. सासूबाई कारखान्यातून यायच्या आत टोफूच्या दोन कढया केल्या. एक भावासाठी आणि माझ्यासाठी, मूठभर तिरफळ कुटून घातलेली. दुसरी सासूबाईंसाठी, आजाऱ्याच्या जेवणासारखी. चांगगेन ट्रॅक्टरवर माल घेऊन स्टेशनला गेलेला. भावाशी गप्पा मारता मारता वाढलं, बसलो. पहिला घास तोंडात घातला. माझ्या वाटीत सपक टोफू होता, तिरफळाची वाटी सासूबाईंपुढे गेली होती.

सासूबाई समोर बसून जेवत होत्या. माझा भाऊ त्याच तिरफळाच्या कढईतलं खात होता, त्याचे डोळे पाण्याने भरले होते, ओठ चोखत होता. आता वाटी माझ्या डोक्यावर येणार म्हणून मी मान खाली घालून बसले. सासूबाईंनी वाटी पुसून खाल्ली. जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाल्या, "आज मीठ कमी पडलंय."

खरं सांगते, आधी मला हसू आलं. सात वर्षं जिच्यापायी मी सपक गिळलं, त्या जिभेला मूठभर तिरफळ कळत नाही! फुकट गेलं की माझं सगळं पथ्य! भांडी घासायला बाहेर गेले तोवर मी हसतच होते. मग हात पाण्यात तसेच राहिले. ही जीभ उद्या सकाळी त्या खोलीत जाऊन बसणार होती.

दुसऱ्या दिवशी पेजेत मी मुद्दाम दोन दाणे टाकले. प्यायल्या. काही नाही.

मग मी काय केलं? काही नाही केलं. तीन दिवस तोंडाला कुलूप. मनाला समजावत राहिले, पडसं झालं असेल, चार दिवसांत जाईल. आणि कुणाला सांगू? चांगगेनला सांगितलं तर तो म्हणणार, आईवर डाव धरतेस. मुकादमाला सांगितलं तर सून म्हणून तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि त्या बाईचं काय होईल? त्यांच्याकडे दुसरं होतं काय? मी घाबरले, दुसरं काही नाही. आणि त्या तीन दिवसांत मावशींनी मान हलवलेली पाच पोती माझ्याच नवऱ्याने ट्रॅक्टरवर घातली आणि उत्तरेकडच्या एका डोंगरातल्या गावच्या औषध दुकानासाठी रवाना केली. पोती बांधताना मी तिथेच उभी होते. त्याला मी गरम पाण्याची बाटली दिली. "सांभाळून जा," म्हणाले.

चौथ्या दिवशी मात्र राहवेना. थंडी जवळ आली होती. शेवटची अकरा पोती चेंगदू शहराला जायची होती, आणि तिथे लोक हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी घरभर बसून फूत्झ घातलेलं मटण खातात. चिमूटभर औषध म्हणून नाही, वाट्या वाट्या. लेकरांनासुद्धा देतात. दुपारी मी सासूबाईंचा डबा घेऊन गेले आणि दार न वाजवता आत शिरले.

ताटली त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी अख्खी चकती तोंडात घातली, चावली, आणि थुंकली नाही. गिळली. मग दुसरी. तीही गिळली. मग डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसल्या.

"आई!"

त्या दचकल्या नाहीत. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "दार लाव."

"तुम्ही गिळताय ते! वेड लागलंय का तुम्हाला?"

"हळू बोल. पू बाहेर आहे." मग म्हणाल्या, "वसंतात ताप आला होता ना मला, तेव्हापासून जिभेला काही कळत नाही. आल्याचा रस आणि मीठ, सगळं सारखंच. म्हटलं येईल परत. आली नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? माझ्या जागी कोण बसणार? या गावात तिरफळाशिवाय राहणारं एक तोंड दाखव." त्या मनगट धरूनच बोलत होत्या. "विष काय जिभेपाशी थांबतं का? पुढे जातंच. बोटांच्या टोकांना येतं, मग छातीत. मी अर्धा तास बसते. बोटं झिणझिणली की घाणा परत पाण्यात. या हंगामात दोनदा परत पाठवला की नाही? विचार पूला."

"आणि एखाद दिवशी छातीतच आलं तर?"

"तर तुम्हाला कळेलच की माल कच्चा होता." आणि हसल्या! मला असा संताप आला म्हणून सांगू. डबा मी खाली आदळलाच.

"हसताय काय? तुम्ही मरायला तयार आहात ते कळलं. पण तुमचं अंग थंड, तुम्हीच सांगता. तीस वर्षं हेच तोंडात घेताय, थंडीत वर रस्सा पिताय. तुम्हाला जे लागत नाही ते दुसऱ्याला लागणार नाही कशावरून? अंग बघून द्यायचं म्हणता, मग सगळ्या मुलखाचं अंग तुमच्या एकटीच्या अंगावरून मोजता?"

  सासूबाईंनी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सकाळपासून तिरफळ खाल्लंस?"

"नाही." त्या दिवशी खरंच खाल्लं नव्हतं.

"तोंड धू. तीनदा. मग ये इथे."

मला स्टुलावर बसवून त्या समोर उभ्या राहिल्या. चकतीचा नखाएवढा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "पुढच्या दातांनी चाव. शेंड्यावर घोळव. गिळायचं नाही हं, गिळलंस तर थोबाड फोडीन. आता थुंक. आता गप्प बस."

मी गप्प बसले. आधी नुसती पिठूळ चव. मग थोडी खारट. देवा, काही होऊ नको दे, म्हणत होते मी. खिडकीतून अंगणातल्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणाच्या तरी लग्नाचं. मग जिभेच्या टोकाला कुणीतरी टाचणी टेकवल्यासारखं झालं. म्हटलं भास असेल. मग ते पसरत गेलं. जीभ जाड झाली, खालचा ओठ माझा राहिला नाही. तिरफळाचा थरथराट मला जन्मापासून ठाऊक आहे, तो येतो आणि जातो. हे जात नव्हतं. हे आत आत उतरत होतं.

मला बोलायची गरजच पडली नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्याच ताटलीतल्या दोन चकत्या त्यांच्या पोटात होत्या आणि त्यांची बोटं शांत होती. त्यांनी आपली बोटं डोळ्यांसमोर धरली, उघडली, मिटली. मग एकदम खाली फरशीवर बसल्या.

"हंगामभर," म्हणाल्या. "हंगामभरात किती पोती गेली गं?"

मी त्यांना उठवायला गेले तर माझा हात झटकला. स्वतःच उठल्या, जाकीट सारखं केलं, आणि अंगणात जाऊन सगळ्यांसमोर मुकादम पूला म्हणाल्या, "अकरा पोती फोड. परत पाण्यात. आणि या हंगामात जो माल मी पास केलाय तो सगळा परत मागव. माझी जीभ गेली आहे."

पूचा विश्वासच बसेना. "मावशी, थट्टा करताय काय?"

"तीस वर्षांत कधी केली?"

संध्याकाळी चांगगेन आला तो लालबुंद होऊनच. "आई, अंगणात उभं राहून सांगायचं काय नडलं होतं? मुकादमाला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? उद्या मला पोरं चिडवतील, याच्या आईने लोकांना विष विकलं म्हणून." सासूबाई म्हणाल्या, "चिडवू दे. खरंच आहे ते." तो जेवला नाही. त्याही जेवल्या नाहीत. मी एकटीच ताटाशी बसून राहिले आणि रडले.

कारखान्याने पत्रं धाडली, जिथे जिथे माल गेला तिथे तिथे. बराचसा परत आला. काही दुकानांनी कळवलं की माल तसाच पडून आहे, धाडतो. प्रत्येक पोतं आलं की सासूबाई अंगणात जाऊन त्याची गाठ बघून यायच्या, आपलीच आहे ना म्हणून. कारखान्याने त्यांना घरी बसवलं होतं, तरी जायच्या. पू अडवायचा नाही. शेवटी एकाच ठिकाणचं उत्तर यायचं राहिलं, त्या डोंगरातल्या गावचं. तिथे बर्फ पडला की रस्ता बंद होतो. दोन महिने गेले. पोस्टमनची सायकल वाजली की त्या हातातलं काम टाकून दाराशी. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आणि मी तर त्यांच्याकडे बघतच नव्हते.

नवीन वर्ष होऊन गेल्यावर पत्र आलं. पूने ते घरी आणून दिलं, स्वतः वाचून दाखवलं. दुकानदाराने सुरेख अक्षरात लिहिलं होतं. आपली पाच पोती मिळाली. यंदा थंडी फार, त्यामुळे सगळा माल खपला, आजूबाजूच्या खेड्यांतही गेला. आपलं पत्र उशिरा पोचलं त्यामुळे परत धाडण्यास काही शिल्लक नाही. कोणाचीही तक्रार नाही. पुढच्या वर्षी थोडा जास्त पाठवावा.

पू खूश झाला. "बघा मावशी! तक्रार नाही. उगाच जिवाला घोर लावून घेतलात."

"थंडीत म्हातारं माणूस जेवून झोपलं आणि उठलं नाही, तर घरचे काय औषधवाल्याकडे तक्रार घेऊन जातात?" सासूबाई म्हणाल्या. "थंडीने गेला म्हणतात आणि पुरतात."

पू टोपी घालून निघून गेला. सासूबाईंनी पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या, आणि ते पत्र तिथून हललं नाही. अंथरूण उन्हात घालताना मी ते उचलायचे आणि परत तिथेच ठेवायचे.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं. पू गेल्यावर मी भिंतीला टेकून उभी होते. बाहीने डोळे पुसत होते. सासूबाईंना वाटलं, मला त्यांच्यासाठीच वाईट वाटतंय. त्यांनी मला जवळ बसवलं. सात वर्षांत कधी नाही तो त्यांनी माझा हात हातात घेतला. गार हात.

"रडू नको," म्हणाल्या. "ती पाच पोती गेली तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. ते माझं मी बघेन. तुला तर तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं ना गं. तुझ्या डोक्यावर काही नाही."

मी होकाराची मान हलवली. नाही म्हणाले नाही. अकरा वर्षांनी त्या गेल्या, तोवर नाही म्हणाले नाही.